पुंजारामची बोटं

संगमनेरात पुंजाराम पेंटरचं नाव निघालं, की सांगणारा माणूस आधी हवेत चार बोटं फिरवून दाखवायचा आणि मग बोलायला लागायचा. पुंजारामची तऱ्हाच तशी होती. कपाट घासून झालं, की तो डोळे गच्च मिटायचा आणि फळीवरून उजव्या हाताची चार बोटं सावकाश, वरून खाली, फिरवायचा. कुठं कण लागला की तिथंच थांबायचा, पेन्सिलीनं खूण करायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. "डोळं फसवत्यात, बोटं न्हाई फसवत," असं म्हणायचा. हे त्यानं घरीदारी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्याची बायको मुक्ताबाई भाकरी थापता थापता त्याच्या आधी ते वाक्य पुरं करून टाकायची.

तेलरंगाचं काम म्हणजे नुसतं फासणं नव्हे, बरं का! आधी लाकूड घासायचं. मग अस्तराचा हात मारायचा. मग खडूची पूड जवसाच्या तेलात मळून तिची लांबी करायची आणि लोखंडी पट्टीनं ती फळीवर ओढायची, म्हणजे लाकडाचे रेषे, खिळ्यांची भोकं सगळी बुजतात. ती वाळली की पाण्यात भिजवलेल्या खरखरीत कागदानं घासायची. पुन्हा ओढायची, पुन्हा घासायची. इतकं झाल्यावर रंग. शेवटचा हात कितीही सफाईनं मारा, खाली कण राहिला असेल तर तो वर आल्याशिवाय राहत नाही. म्हणून रंगाचा खरा जीव घासण्यात, आणि घासण्याचा जीव बोटांत.

पुंजारामचा भागीदार गोरक्षनाथ सुतार. प्रवरेकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोघांची मिळून एक पत्र्याची शेड होती. पुढच्या अंगाला गोरक्षाचा रंधा चालायचा, मागं पोत्यांचा पडदा लावून पुंजारामचं रंगाचं काम. पंधरा वर्षं असं चाललेलं. गोरक्षा अबोल माणूस, कानावर पेन्सिल आणि तोंडाला कुलूप. पुंजाराम त्याला चिडवायचा, "लोक कपाटाला हात लावत्यात तो माज्या रंगाला, गोरक्षा. तुज्या सांध्याला कोन इचारतंय?" गोरक्षा नुसता हसायचा.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. प्रवरेकाठच्या एका गावातले बागायतदार आबासाहेब नवं घर बांधत होते. त्यांनी आधी एक मोठं सागवानी कपाट सांगितलं, पिस्ता रंगाचं. ते मनासारखं झालं तर घराची सगळी दारं-खिडक्या गोरक्षाकडं आणि रंग पुंजारामकडं, असं ठरलं होतं. दोघांचं वर्षभराचं काम होतं ते.

एका दुपारी पुंजाराम लांबी घासून, बोटं फिरवून, खूश होऊन चहाला गेला. हॉटेलवाल्याच्या घरी कुणी वारलेलं, हॉटेल बंद. तसाच तो माघारी वळला. शेडमध्ये शिरला तर रंध्याचा आवाज नाही. पडदा बाजूला केला आणि जागीच थांबला. गोरक्षा कपाटासमोर उकिडवा बसलेला. बाह्या वर, कोपरापर्यंत पांढरं पाणी, हातात भिजका कागद. पुंजारामनं नुकतंच घासून ठेवलेलं दार तो घासत होता.

"काय चाललंय रं?"

गोरक्षा दचकला. कागद मागं लपवला. मोठा पन्नाशीचा बाप्या, चोरी सापडलेल्या पोरासारखा. "काय न्हाई," म्हणाला. "धूळ बसली हुती. जरा हात फिरवत हुतो."

पुंजारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेंटरनं घासून संपवलेल्या फळीला दुसऱ्यानं कागद लावणं म्हणजे त्याचं नाक कापणं, हे गोरक्षाला कळत नव्हतं होय? आणि मग पुंजारामला एकदम मच्छिंद्र शिंप्याचं कपाट आठवलं. वर्षापूर्वी मच्छिंद्रानं तोंड वाकडं करून सांगितलं होतं, की दार रवाळ लागतंय, नवं कापड ठेवलं की धागा अडकतो. पुंजारामनं तेव्हा त्याला उडवून लावलं होतं. आता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, निदान त्याला तसं वाटलं. हा! हा करतोय हे! माझ्या रंगाचं नाव होतं, याच्या सांध्याला कुणी विचारत नाही, म्हणून मागून माझं काम नासवतोय!

तो काय काय बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही. आईबाप काढले, पंधरा वर्षांचं जेवण काढलं. रस्त्यावरचे लोक गोळा झाले. गोरक्षानं एकच चूक केली, तो गप्प राहिला. गप्प राहणारा माणूस लोकांना दोषीच वाटतो. पुंजारामनं हातगाडी आणली, अर्धंमुर्धं कपाट तिच्यावर चढवलं आणि घरी नेलं. चार दिवसांत सगळ्या पेठेत झालं, की गोरक्षा सुतारानं जळून भागीदाराचं काम बिघडवलं. आबासाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला: कपाट पुंजारामनं पुरं करावं, दारं-खिडक्यांचं आपण दुसरीकडं बघतो.

पुंजारामला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, चांगलंच बरं वाटलं.

घराच्या पडवीत त्यानं कपाट उभं केलं. खाली शेणसडा घातला, भोवती लुगडी टांगली, कोंबड्या हाकलल्या. आता मधे नाक खुपसायला कुणी नव्हतं. मन लावून घासलं, डोळे मिटून बोटं फिरवली. लोणी! मग रंगाचे दोन हात मारले. त्याच्या मनगटाला अजून तोड नव्हती, ब्रशची एक रेघ दिसेल तर शपथ.

दोन दिवसांनी मुक्ताबाईनं सहज दारावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "अवं, ह्ये रवाळ लागतंय की."

"काय बी बोलू नगंस."

"मी कशाला बोलू? हात लावून बघा."

त्यानं हात लावला. गुळगुळीत. "तुजा हात खरबरीत झालाय भांडी घासून," तो म्हणाला. मुक्ताबाईनं त्याला कपाटाच्या कडेला नेऊन तिरपं बघायला लावलं. पिस्ता रंगावर उजेड आडवा पडला होता आणि त्यात बारीक बारीक कण वर आलेले दिसत होते. दारभर.

त्यानं रंगाच्या डब्याला शिव्या दिल्या, वाऱ्याला दिल्या. मग पुन्हा सगळं घासून काढलं, पुन्हा लांबी, पुन्हा रंग. आठवडा गेला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला घासताना मुक्ताबाई ओरडली, "अवं, रगत!" पांढऱ्या लांबीवर लाल पट्टा उमटला होता. कागदानं बोटांच्या टोकांची कातडी गेली होती आणि पुंजाराम आपला घासतच होता.

"दुकत न्हाई का तुमाला?"

"टर्पेंटाईननं बोटं मुर्दाड हुत्यात. समद्या पेंटरांची हुत्यात," तो म्हणाला. हे त्याला खरंच वाटत होतं. वर्षभर तो स्वतःला हेच सांगत आला होता. बिडी बोटांत विझायची आणि चटका कळायचा नाही, तेव्हाही. उलट त्याचा त्याला जरा तोराच होता, की आपला हात कसा कामात मुरला आहे.

मुक्ताबाई उठली. आत गेली, दोन वाट्या घेऊन आली. "डोळं मिटा," म्हणाली. "हात पुढं करा."

"काय पोरखेळ हाय ह्यो?"

"मिटा म्हनते ना!"

त्यानं मिटले. तिनं त्याची चार बोटं धरून एका वाटीत बुडवली. "सांगा. पीठ का जोंधळ्याच्या कन्या?"

"पीठ."

दुसऱ्या वाटीत बुडवली. "आन् ह्ये?"

"ह्ये बी पीठच. दोनी वाट्यांत पीठ घेऊन आलीस व्हय? मला येडं करतीस?"

त्यानं डोळे उघडले. पहिल्या वाटीत ज्वारीचं पीठ होतं. दुसरीत कण्या होत्या, चांगल्या जाड, बोटांना चिकटलेल्या. तो त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच पुन्हा बोटं घातली, चोळून पाहिली, डावा हात घातला. डाव्या हाताला कळत होतं. उजव्याला काही नाही.

मुक्ताबाईनं त्याची बाही वर केली. कोपराच्या खाली एक फिकट चट्टा होता. घामाचं साधं शिबं असेल म्हणून दोघांनीही वर्षभर तिकडं लक्ष दिलं नव्हतं. तिनं सुई आणून चट्ट्यावर टोचली. "कळतंय?" त्यानं मान हलवली. नाही. मुक्ताबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. रगतपितीचं नाव दोघांनीही घेतलं नाही. महारोग झालेल्या माणसाचं गाव काय करतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुंजाराम पडवीत बसून राहिला. भीती तर होतीच. पण भीतीच्या मागून आणखी एक गोष्ट सरकत सरकत पुढं आली, आणि ती त्याला जास्त टोचली. बोटं वर्षापासून मेलेली. मच्छिंद्राचं कपाट रवाळ झालं ते म्हणून. ठीक. पण त्यानंतर वर्षभरात आठ कपाटं गेली, दोन देव्हारे गेले, एका शाळेची टेबलं गेली. कुणाची तक्रार नाही. उलट वाहवा! मेलेल्या बोटांनी घासलेलं काम गुळगुळीत झालं कसं?

मग त्याला कोपरापर्यंत पांढरं पाणी ओघळलेला गोरक्षा दिसला. मागं लपवलेला कागद दिसला. पुंजाराम रोज चहाला जायचा, अर्धा तास हॉटेलात गप्पा हाणायचा. त्या अर्ध्या तासात, वर्षभर, गोरक्षा काय करत होता ते त्याला आता कळलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"मी जातो गोरक्षाकडं," तो म्हणाला.

मुक्ताबाई उठून दारात उभी राहिली. "जावा. पाय धरा त्याचं. पर ह्ये सांगू नका. कोन काम देईल तुमाला? हिरीवर मला पानी कोन भरू देईल?"

"न सांगता काय सांगू, मुक्ता? त्याची दारं-खिडक्या गेली माज्या तोंडानं. सुतारानं जळून माजं काम नासवलं म्हनून समद्या पेठेत बोंबललोय मी. नुसतं चुकलं म्हनून कोन इश्वास ठेवंल?"

ती दारातून बाजूला झाली.

गोरक्षा शेडमध्ये एकटाच एका पाटाचे पाय ठोकत होता. पुंजाराम समोर जाऊन उभा राहिला आणि हात पुढं केला. "बोटं मेली माजी," म्हणाला.

गोरक्षानं हातोडी खाली ठेवली. "ठावं हाय मला," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"मच्छिंद्राच्या कपाटापासनं. त्याच्या दारावर हात फिरवला, तवा वाटलं, पुंजा असं सोडनार न्हाई. मग तू चहाचा गिलास धरलास. आमाला फडक्यात धरावा लागत हुता, आन् तू उघड्या हातानं धरून बसलास."

"मग बोलला न्हाईस?"

गोरक्षानं पाट बाजूला सारला. इतकं बोलायची त्याला सवय नव्हती. "माज्या चुलत्याला झालं हुतं ह्ये," शेवटी तो म्हणाला. "आमच्या घरानं त्याला मळ्यात छपरात ठिवला. बारा वर्सं. भाकरी लांबनं ठेवायची आन् माघारी फिरायचं. माज्या बापानं सख्ख्या भावाला हात लावला न्हाई, मेल्यावर बी. मी नाव घेतलं असतं तर तुला बी तसंच... माजी जीभच उचलंना, पुंजा. वाटलं, आपन घासत राहू. कुनाला कळनार न्हाई."

पुंजारामला रडू फुटलं. भर दुपारी, रस्त्यावरच्या लोकांदेखत, ज्या जागी उभं राहून त्यानं शिव्या दिल्या होत्या त्याच जागी तो लहान पोरासारखा रडला.

गोरक्षा त्याच दिवशी पुंजारामच्या पडवीत येऊन बसला. पुंजारामनं लांबी ओढायची, गोरक्षानं घासायचं. पुंजाराम शिकवत होता, "असं गोल नगं, रेषेच्या अंगानं घे. कागद वाळू देऊ नगंस." आणि विचारत होता, "लागतंय काय?" गोरक्षा डोळे मिटून बोटं फिरवायचा आणि सांगायचा, "हितं लागतंय." रंगाचा शेवटचा हात पुंजारामनं श्वास रोखून मारला. वाळल्यावर मुक्ताबाईनं तळहात फिरवला आणि मान डोलावली. पुंजारामनं आपला हात लावलाच नाही.

दोघांनी मिळून कपाट बैलगाडीतून आबासाहेबांकडं नेलं. नव्या घराच्या ओसरीत उतरवलं. आबासाहेबांच्या पत्नी पुष्पावतीबाई बाहेर आल्या, दारावरून हात फिरवला आणि हरखून गेल्या. "अगंबाई, काचंवानी झालंय की!"

"आबासाहेब," पुंजाराम म्हणाला, "ह्ये गोरक्षानं घासलंय. वर्सभर समदी कामं त्यानंच घासली. त्यानं माजं काम नासवलं म्हनलो, ते खोटं. खोट माज्या हातात हाय. माजी बोटं बधिर झाल्यात आन् हातावर चट्टा हाय."

सांगायला हवं तेवढं त्यानं सांगितलं होतं. पुष्पावतीबाईंनी हात झटकन मागं घेतला आणि पदराला पुसला. एकदा पुसला, मग पुन्हा पुसला. आबासाहेब भला माणूस, पण त्यांचाही पाय एक पाऊल मागं गेला. घसा खाकरून ते म्हणाले, "गोरक्षा, दारं-खिडक्या तूच कर. रंगाचं... रंगाचं बघू पुढं." कपाट आत न्यायचं कुणी नाव काढलं नाही. दोघं रिकामी गाडी घेऊन निघाले, तेव्हाही ते ओसरीतच उभं होतं.

वाटेत गोरक्षा म्हणाला, "सोमवारी नगरला जायचं. तिथं ह्याचा दवाखाना हाय. मी येतो संगं."

सोमवारी पहिल्या एसटीनं दोघं नगरला गेले. दवाखान्याच्या बाकड्यावर गोरक्षा पुंजारामला खेटून बसला. आत बोलावलं तेव्हा तोही बरोबर गेला. डॉक्टर तरुण होता, बोलायला तिखट. त्यानं पुंजारामला डोळे मिटायला लावले, बोटांवरून कापूस फिरवला, टाचणी टोचली, कोपराची शीर चाचपली. मग मात्र तो बराच मवाळ झाला. म्हणाला, की हा रोग आता बरा होतो. गोळ्या रोज घ्यायच्या, वर्षानुवर्षं, न चुकवता. घर सोडायचं नाही, बायकोनं भिण्याचं कारण नाही.

"आन् बोटं?" पुंजारामनं विचारलं. "बोटांत जीव येईल न्हवं पुन्हा? माजं पोट हाय त्यावर."

डॉक्टरनं टाचणीनं पुन्हा एक बोट टोचून पाहिलं. "कळत नाही असं केव्हापासून झालं?" त्यानं विचारलं.

"वरीस झालं."

"वर्ष!" डॉक्टरनं टाचणी टेबलावर टाकली. "अहो, तेव्हाच का नाही आलात? सुरुवातीला आला असतात, तर बोटं वाचली असती. शीर मरायला लागली होती, मेली नव्हती. आता रोग थांबेल. गेलेला स्पर्श नाही यायचा परत. वर्षभर कुणाच्याच लक्षात आलं नाही? घरात, कामावर, कुणाच्याच?"

पुंजारामला शेजारी काहीतरी हललेलं जाणवलं. त्यानं मान वळवली. गोरक्षाचा चेहरा राखेसारखा झाला होता. वर्षभर हा माणूस त्याच्या पाठीमागं घासत होता, त्याची अब्रू राखत होता, आणि त्या एकेका दिवसानं बोटं मरत होती. हे गोरक्षाला आत्ता, या खुर्चीवर, कळत होतं. पुंजारामलाही कळत होतं. राग आला त्याला. का नाही येणार? त्या दिवशी शेडमध्ये खोट्या गोष्टीवरून आला होता, आज खऱ्यावरून आला. एक शब्द, येड्या, एक शब्द बोलला असतास! हे त्याच्या पार ओठापर्यंत आलं होतं.

"डॉक्टर," गोरक्षानं तोंड उघडलं, "लक्षात आलं हुतं. मला—"

पुंजारामनं त्याचं मनगट धरलं. "मला ठावं हुतं, डॉक्टर," तो मोठ्यानं म्हणाला. "पयल्या दिवसापासनं ठावं हुतं. मीच लपवलं. बायकोला सांगितलं न्हाई, ह्याला बी न्हाई. भ्यालो."

"शहाणे आहात!" डॉक्टर कडाडला आणि मग पाच मिनिटं त्यानं पुंजारामची चांगली खरडपट्टी काढली. अडाणीपणा, बेफिकिरी, सगळं काढलं. पुंजाराम खाली मान घालून ऐकत राहिला. मधेच त्याचं लक्ष गोरक्षाकडं गेलं. गोरक्षाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो आपल्या मनगटाकडं बघत होता. पुंजारामची चार बोटं तिथं इतकी रुतली होती, की हात पांढरा पडला होता. पुंजारामला काहीच कळलं नव्हतं. त्यानं ते बघून पकड सैल केली, पण हात सोडला नाही.